बारीक आवाज टिपताना : गायन व गिटारचे ध्वनिमुद्रण

आजारपणामुळे किंवा वयोमानामुळे ज्यांना रविवारच्या मिस्साला येता येत नाही, त्यांच्यापर्यंत आपली भक्तिगीते पोहोचावीत म्हणून आम्ही गायनवृंदातील मंडळी ध्वनिमुद्रणाचा थोडा अभ्यास करीत आहोत. दुसरेही एक कारण आहे. आपल्यातील ज्येष्ठ भगिनींना जुन्या चाली तोंडपाठ आहेत. शब्द वहीत उतरवता येतात, चाल उतरवता येत नाही. आणि त्यांचे आवाज आता बारीक झाले आहेत. असा आवाज साध्या गिटारच्या साथीने कसा टिपावा, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पूर्वी बारीक आवाजाला ध्वनिमुद्रणात जागाच नव्हती. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे टिपले तेव्हा माईक नव्हता. गायक भोंग्यात तोंड घालून जोरात गात आणि तार स्वर आला की मागे सरत. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५ नंतर पसरले. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिका दोन्ही काळांतल्या आहेत : १९०५ च्या सुमाराच्या भोंग्यावरच्या आणि १९३० च्या दशकातल्या माईकवरच्या. त्यांचा नाजूक, हळुवार स्वर खरा ऐकू येतो तो या दुसऱ्या काळात.

आता आपल्या कासूचे पाहू. एका बाजूला पनवेल-रोहा रेल्वेमार्ग, जवळच मुंबई-गोवा महामार्ग. प्रवासी गाड्यांचे वेळापत्रक भिंतीवर लावता येईल. मालगाडी मात्र कोणाला विचारून येत नाही. पावसाळ्यात पत्र्यावरचा पाऊस आणि रात्री बेडूक. म्हणून पावसाळा सरल्यावर, रस्त्यापासून दूरच्या खोलीत हे काम करावे. चर्चमध्ये घुमणारा आवाज समूहगानाला शोभतो, पण एकट्या बारीक आवाजाचे शब्द त्यात विरघळतात. कपड्यांनी भरलेली कपाटे, गाद्या आणि दोरीवर टाकलेल्या दोन गोधड्या असलेली घरातली खोली अधिक चांगली. पंखा आणि फ्रीज बंद करावेत. (नंतर फ्रीज सुरू करायला विसरू नये!)

माईक दोन प्रकारचे. बहुतेक ठिकाणी वेदीजवळ किंवा गायनवृंदाकडे असतो तो डायनॅमिक. १९६६ पासून मिळणारा शुअर एसएम ५८ हा त्याचा सर्वांना ठाऊक नमुना. तो जवळचा आवाज घेतो आणि लांबचा बराचसा सोडतो. कंडेन्सर माईकला मिक्सरकडून बहुधा ४८ व्होल्ट वीज लागते. तो श्वाससुद्धा टिपतो, आणि त्याबरोबर महामार्गही. खोली शांत असेल तर बारीक आवाजासाठी कंडेन्सर उत्तम. नसेल तर डायनॅमिक माईक चार बोटांवर धरावा. दमट हवा कंडेन्सरला मानवत नाही, म्हणून तो सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवावा.

कंडेन्सर ओठांपासून एक वीतभर अंतरावर असावा. फार जवळ गेल्यास आवाज जड, घोगरा होतो. आपल्या गीतांत ‘प्रभू’, ‘पवित्र’, ‘परमेश्वर’, ‘भक्ती’ हे शब्द पावलोपावली येतात, आणि ‘प’ व ‘भ’ म्हणताना हवेचा झोत माईकवर धडकतो. भरतकामाच्या रिंगेवर जुना नायलॉनचा मोजा ताणून तो मध्ये धरला, आणि माईक किंचित बाजूला ठेवला, की धडधड थांबते.

गिटारचा माईक तिच्या गोल छिद्रासमोर लावण्याचा मोह टाळावा. तिथे नुसता घुमारा मिळतो. गिटारच्या मानेवरच्या बाराव्या पट्टीसमोर, वीत-सव्वा वीत अंतरावर लावून पाहावा. वाजवणारा आणि गाणारा एकच असेल, तर गाण्याच्या माईकची पाठ गिटारकडे यावी. दोन्ही माईक एकत्र ऐकताना आवाज पोकळ वाटला, तर मिक्सरवरचे फेजचे बटण दाबून बघावे आणि जे भरीव वाटेल ते ठेवावे.

आता कॉम्प्रेसर. आवाजाच्या बटणावर हात ठेवून बसलेला दक्ष माणूस, असे त्याला समजावे. ठरवलेल्या पातळीपेक्षा आवाज वर गेला की तो खाली ओढतो. प्रमाण ३:१ असेल, तर पातळीच्या ९ डेसिबल वर गेलेला स्वर ३ डेसिबल एवढाच वर राहतो. ६ कापले जातात. मग संपूर्ण आवाज ६ डेसिबलने उचलला, की कुजबुजीसारखे शब्दही कळू लागतात. पण इथेच खरी गोम आहे. शब्दांबरोबर पंख्याची घरघर, गोधडीविना खोलीचा घुमारा आणि लांबची मालगाडीही ६ डेसिबलने, म्हणजे जवळजवळ दुप्पट उंचीने, वर येते. बिघडलेली जागा हे यंत्र सुधारत नाही, उलट चव्हाट्यावर आणते. आमच्या मते या कामात निम्म्याहून अधिक मेहनत गोधड्यांवर आणि माईकच्या जागेवर व्हावी.

गायनासाठी ३:१ प्रमाण, पकड सुमारे १० मिलिसेकंदांत आणि सुटका सुमारे १०० मिलिसेकंदांत, अशी सुरुवात करावी. मोठ्या स्वरावर काटा ३ ते ६ डेसिबलच खाली यावा. गिटारला २:१ पुरे. पकड २०-३० मिलिसेकंद उशिरा ठेवावी, म्हणजे तार छेडल्याचा पहिला टणत्कार निसटून जातो आणि वाद्य जिवंत वाटते. जास्त दाबल्यास म्हातारपणाचा कंप, श्वास, स्वर चढताना लागणारा दम हे सारे सपाट होते. आणि तेच तर आपल्याला जपायचे आहे.

संगणकावर ध्वनिमुद्रण करीत असल्यास २४ बिट निवडावे, सर्वांत मोठा स्वर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असे पाहावे, आणि कॉम्प्रेसर नंतर लावावा. मूळ प्रत तशीच दोन ठिकाणी जपावी. शेवटी ते गीत मोबाईलच्या लहानशा स्पीकरवर, स्वयंपाकघरात ऐकावे : एकदा कॉम्प्रेसरसह, एकदा त्याविना, दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा ठेवून. त्याविनाही शब्द कळत असतील, तर तो काढून टाकावा.