आरशातला सूर्य

अॅस्ट्रॉनॉमी म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? रात्र, थंडी आणि महागडा टेलिस्कोप! पण आपल्याला सर्वांत जवळचा तारा तर दिवसाच दिसतो. चिचगडला, म्हणजे माझ्या आजोळी, मी तो एका खिशातल्या आरशाने पाहते.

आरशावर काळा कागद चिकटवायचा आणि कागदाला 4 मिलिमीटरचं भोक पाडायचं. आरसा उन्हात स्टुलावर ठेवून त्याचा कवडसा अंधाऱ्या खोलीतल्या लांबच्या भिंतीवर पाडायचा. भोक चौकोनी असलं तरी कवडसा गोलच येतो, कारण ते भोकाचं नाही, सूर्याचं चित्र असतं. त्याची कडा धूसर असते, म्हणून त्या धूसर पट्ट्याच्या मध्यापासून समोरच्या मध्यापर्यंत मोजायचं. आरशापासून भिंत 9 मीटर, चित्र 8.4 सेंटिमीटर. भागाकार आला 107! आता दहावीचे समरूप त्रिकोण आठवा. सूर्य सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर, त्याला 107 ने भागा. व्यास 14 लाख किलोमीटर! पुस्तकात 13.92 लाख आहे. सबमिशनच्या कोणत्याच रीडिंगने मला इतका आनंद दिलेला नाही.

25 ऑक्टोबर 2022 ला, ऐन दिवाळीत, सूर्य मावळताना खंडग्रास ग्रहण होतं. मामी दार लावून बसल्या होत्या. पण भिंतीवरचा कुरतडलेला सूर्य बघायला त्याही आल्या!

एक गोष्ट मात्र गंमतीची नाही. सूर्याकडे थेट बघायचं नाही. रेटिनाला वेदना कळत नाहीत, त्यामुळे डोळा भाजतोय हे समजतच नाही. एक्स-रेची फिल्म, गॉगल, काजळी धरलेली काच, सगळं बाद. 14 नंबरची वेल्डिंग काच किंवा प्रमाणित ग्रहणचष्माच हवा, आणि तोही दुर्बिणीच्या मागे लावून नाही.

सौरडाग आरशाने नीट दिसत नाहीत. त्यासाठी छोट्या टेलिस्कोपमधून सूर्याचं चित्र पांढऱ्या कागदावर पाडतात आणि रोज डागांच्या जागा पेन्सिलने नोंदवतात. आठवड्याभरात डाग सरकलेले दिसतात, म्हणजे सूर्य स्वतःभोवती फिरतोय! त्यांची संख्या साधारण 11 वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होते. डिसेंबर 2019 ला ती किमान होती, 2024 मध्ये शिखरावर पोचली. 2023 साली गेलेल्या आदित्य-एल1 वरचा ‘सूट’ हा टेलिस्कोप पुण्याच्या आयुकात तयार झाला, हे किती जणांना माहीत आहे?

आणि ज्यांना आरशाचाही कंटाळा, त्यांच्यासाठी एक बाटली पुरे. चिचगड जवळपास 21 अक्षांशावर आहे, त्यामुळे 25 मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. बाटली सपाट जागी उभी करा, सावली गायब! फक्त बाराच्या ठोक्याला नाही, तर पाचेक मिनिटांनी. आपलं घड्याळ 82.5 रेखांशाचं आहे आणि चिचगड त्याच्या पश्चिमेला. 18 जुलैच्या सुमारास पुन्हा तसा दिवस येतो, पण तेव्हा ढगच ढग. म्हणून तेंदूपत्त्याच्या सीझनमध्येच, टोपी घालून उभे राहा.