हत्यारांची पारख : संगणकाच्या भाषांविषयीं टोनी होर यांचीं मतें

‘नाचतां येईना अंगण वांकडें’ ही म्हण आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असते. आपल्या कामांतील उणीव हत्यारावर ढकलणाऱ्या मनुष्याची ती थट्टा आहे, व ती योग्यच आहे. परंतु कधीं कधीं अंगण खरोखरीच वांकडें असतें, हेंही विसरून चालणार नाहीं. बोथट पटाशीनें निष्णात सुताराच्या हातूनही लांकूड फाटतें. म्हणून चांगला सुतार काम सुरू करण्यापूर्वीं पटाशीची धार पाहतो. संगणकासाठीं आज्ञावली लिहिणारा प्रोग्रॅमर हाही एक कारागीरच होय, आणि ज्या भाषेंत तो यंत्रास आज्ञा देतो ती भाषा हें त्याचें मुख्य हत्यार होय. कोणती भाषा चांगली, यावर या धंद्यांतील लोक मोठ्या हिरिरीनें वाद घालतात. अशा मतांपैकीं कोणतीं घ्यावीं व कोणतीं सोडावीं, हें कळावें म्हणून प्रस्तुत लेखांत टोनी होर या ख्यातनाम इंग्रज शास्त्रज्ञांचीं कांहीं मतें पाहूं.

प्रथम भाषा म्हणजे काय तें समजून घेतलें पाहिजे. संगणकास स्वतः एकच भाषा समजते, ती शून्य व एक या दोन चिन्हांची. त्या भाषेंत लांबलचक आज्ञावली लिहिणें म्हणजे मनुष्याच्या चिकाटीची कसोटीच. म्हणून माणसास वाचतां येतील अशा भाषा निर्माण करण्यांत आल्या. १९५७ सालीं जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं आय. बी. एम. कंपनींत तयार केलेली फोर्ट्रान ही भाषा पुढें आली. १९६० सालीं युरोप व अमेरिका येथील विद्वानांच्या मंडळानें आल्गोल ६० या भाषेचें वर्णन प्रसिद्ध केलें. अशा भाषेंतील मजकूर यंत्राच्या भाषेंत उतरविणारा जो दुभाष्या, त्यास कंपायलर म्हणतात. हा दुभाष्या म्हणजे मनुष्य नव्हे. तीही एक आज्ञावलीच असते.

होर यांचा जन्म १९३४ सालीं कोलंबो येथें झाला. ऑक्सफर्ड येथें त्यांनीं ग्रीक व लॅटिन वाङ्मय आणि तत्त्वज्ञान यांचा अभ्यास केला. पुढें आरमारांतील सक्तीच्या सेवेंत असतांना ते रशियन भाषा शिकले. नंतर मॉस्को विद्यापीठांत यंत्राकडून रशियन वाक्यांचें इंग्रजी भाषांतर करविण्याच्या प्रश्नावर ते विचार करूं लागले. त्या वेळीं शब्दकोश चुंबकीय फितीवर वर्णानुक्रमानें साठविलेला असे. फीत पुन्हां पुन्हां मागें-पुढें फिरवावी लागूं नये म्हणून वाक्यांतील शब्दही आधीं वर्णानुक्रमानें लावून घेणें सोयीचें होतें. या गरजेंतून त्यांना क्रम लावण्याची जी रीत सुचली, ती आज क्विकसॉर्ट या नांवानें जगभर शिकविली जाते.

ही रीत आपणांस शाळेच्या पटांगणावरही करून पाहतां येईल. समजा, १,००० मुलांस उंचीप्रमाणें रांगेंत उभें करावयाचें आहे. कोणाही एका मुलास मध्यें उभें करावें. त्याच्याहून ठेंगण्या मुलांस डावीकडे व उंच मुलांस उजवीकडे पाठवावें. त्या एका मुलाची जागा आतां कायमची ठरली. मग डावीकडील गटांत हीच कृति करावी, उजवीकडील गटांतही हीच करावी, आणि प्रत्येक गटांत फार तर एकच मूल उरेपर्यंत असेंच चालूं ठेवावें. प्रत्येक मुलाची इतर प्रत्येकाशीं तुलना करूं म्हटल्यास ४,९९,५०० तुलना कराव्या लागतात. या रीतीनें सरासरीनें सुमारें ११,००० तुलनांत काम भागतें.

रीत अशी सुटसुटीत. पण ‘या कृतीच्या पोटांत पुन्हां हीच कृति करावी’ हें कागदावर मांडणें होर यांस प्रथम फार अवघड गेलें. १९६१ सालीं ब्रायटन येथें आल्गोल ६० चा एक अभ्यासवर्ग झाला. एखाद्या कृतीनें स्वतःसच पुन्हां बोलावण्याची सोय त्या भाषेंत होती. ती शिकतांच, जी रीत समजावून सांगतांना त्यांना कष्ट पडत होते, तीच थोडक्या ओळींत स्वच्छ मांडतां आली. चांगल्या विचारास चांगली वाट करून देणें हें भाषेचें पहिलें काम होय, असें त्यांचें मत या अनुभवानें पक्कें झालें. आपल्या मातृभाषेविषयींही आपला अनुभव असाच नाहीं काय? योग्य शब्द सांपडला म्हणजे घोटाळ्यांत पडलेला विचारही सरळ होतो.

त्यांचें दुसरें मत सुरक्षिततेविषयीं आहे. एका वर्गांतील ४० मुलांचे गुण एका यादींत क्रमानें लिहिले आहेत, आणि आज्ञावलीनें चुकून ४१ वा गुण मागितला. अशा वेळीं काय व्हावें? इलियट ब्रदर्स या इंग्रज कंपनींत आल्गोलचा कंपायलर तयार करितांना होर यांनीं असा नियम ठेवला कीं, प्रत्येक वेळीं यादीची मर्यादा तपासावी व ती ओलांडली गेल्यास तत्काळ तसें कळवावें. या पहाऱ्यास थोडा वेळ खर्च होतो. म्हणून पुढें गिऱ्हाइकांस विचारण्यांत आलें कीं, काम वेगानें व्हावें यासाठीं हा पहारा काढून टाकण्याची सोय ठेवावी काय? सर्वांनीं एकमुखानें नकार दिला! अशा चुका किती वारंवार होतात हें त्यांना रोजच्या कामावरून ठाऊक झालें होतें. सरावाच्या वेळीं पहारा ठेवून प्रत्यक्ष कामाच्या वेळीं तो काढणें म्हणजे जमिनीवर शिकतांना जीवरक्षक जाकीट घालून समुद्रांत जातांना तें काढून ठेवण्यासारखें आहे, अशा आशयाचा दृष्टांत होर यांनीं १९७३ सालीं दिला.

सर्वांनीं हें मत मानलें नाहीं. १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत तयार केलेली सी ही भाषा असा पहारा ठेवीत नाहीं. ती कारागिरावर विश्वास टाकते व त्यामुळें वेगानें चालते. तिच्यांत फार मोठीं व उपयुक्त कामें झालेलीं आहेत. परंतु त्या विश्वासाची किंमतही जगानें मोजली आहे. नोव्हेंबर १९८८ मध्यें एक घुसखोर आज्ञावली हजारों संगणकांत शिरली. तिनें ज्या वाटा वापरल्या त्यांपैकीं एक या न केलेल्या तपासणीचीच होती. एप्रिल २०१४ मध्यें ‘हार्टब्लीड’ या नांवाचा दोष उघडकीस आला. गुप्त संदेशांचें रक्षण करणारी आज्ञावलीच मर्यादेपलीकडील मजकूर वाचून मागणाऱ्याच्या हातीं देत होती.

तिसरें मत होर यांनीं आपल्याच कृतीवर दिलें आहे. १९६५ च्या सुमारास नव्या भाषेची आखणी करितांना त्यांनीं ‘रिकामा संदर्भ’ ही सोय ठेवली. संदर्भ म्हणजे वस्तु कोठें ठेवली आहे हें सांगणारा पत्ता. पत्ता कोराही असूं शकेल असें म्हटलें कीं, प्रत्येक टपालवाल्यास प्रत्येक पाकीट आधीं उलटून पाहावें लागतें. जो विसरेल तो वाटेंतच अडेल. ही सोय करणें अगदीं सोपें होतें, म्हणूनच आपणांस मोह आवरला नाहीं, असें त्यांनीं २००९ सालीं लंडन येथील परिषदेंत सांगितलें, आणि त्यापायीं चाळीस वर्षांत जगाचें सुमारें एक अब्ज डॉलरांचें नुकसान झालें असावें, असा अंदाज केला. पुढें २०१४ मध्यें जाहीर झालेली स्विफ्ट व २०१५ मध्यें पहिल्या पक्क्या स्वरूपांत आलेली रस्ट या भाषांत, जेथें वस्तु नसण्याचा संभव आहे तेथें तसें आधींच स्पष्ट लिहावें लागतें.

चौथें मत साधेपणाविषयीं. १९८० सालीं ट्युरिंग पारितोषिक स्वीकारतांना त्यांनीं केलेलें व्याख्यान प्रसिद्ध आहे. त्याचें सार असें कीं, रचना इतकी साधी करावी कीं तिच्यांत दोष नाहीं हें सहज दिसावें; ती इतकी गुंतागुंतीची करूं नये कीं दोष असूनही दिसूं नये. त्या वेळीं नव्यानें घडत असलेली एडा ही भाषा फार अवजड झाली आहे, व जेथें जीविताचा प्रश्न आहे तेथें ती त्या स्थितींत वापरूं नये, असा इशारा त्यांनीं दिला.

आतां हें मत कितपत खरें ठरलें? ४ जून १९९६ रोजीं युरोपचा एरियन ५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणांत सुमारें ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेची आज्ञावली एडा भाषेंतच होती. परंतु दोष भाषेचा नव्हता. जुन्या एरियन ४ साठीं लिहिलेला भाग नव्या, अधिक वेगवान बाणांत तसाच ठेवला गेला. एक संख्या तिच्यासाठीं राखलेल्या जागेंत मावेना. भाषेनें चूक ओळखली, पण चूक आढळल्यास यंत्रणेनें बंद पडावें हा निर्णय माणसांनीं घेतलेला होता. दुसऱ्या बाजूनें पाहतां, एडा भाषेंत लिहिलेल्या आज्ञावल्या विमानांत विश्वासानें वापरल्या गेल्या आहेत. १९९६ सालींच होर यांनीं एका निबंधांत असा प्रश्न मांडला कीं, गणिती सिद्धता न देतांही आज्ञावल्या इतक्या विश्वासार्ह कशा झाल्या. आणि कसोशीची तपासणी, चांचणी व कामांतील शिस्त यांना त्याचें श्रेय दिलें. अनुभव समोर येतांच आपलें मत पुन्हां तपासणें हें खऱ्या विद्वानाचें लक्षण होय.

विद्यार्थीमित्रहो, ‘कोणती भाषा शिकूं?’ असा प्रश्न तुम्ही विचारतां, व ‘कोणत्या भाषेनें नोकरी मिळेल?’ असा प्रश्न तुमचे पालक विचारतात. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण भाषांची चलती बदलत असते. म्हणून पहिली भाषा अशी निवडावी कीं जी लहान व स्वच्छ असेल आणि चूक होतांच ती दाखवील. ती एकच भाषा नीट आत्मसात करावी, मग दुसरी जड जात नाहीं. कोणी एखाद्या हत्याराची स्तुति किंवा निंदा केली, तर त्यानें त्या हत्यारानें काय घडविलें आहे व आपल्या मताच्या विरुद्ध पुरावा आल्यावर तो काय म्हणाला, हें विचारावें. आणि शेवटीं एवढें ध्यानांत धरावें कीं, इस्पितळांतील औषधाची मात्रा, आगगाडीचा सिग्नल व परीक्षेचा निकाल हीं सर्व आज अशा आज्ञावल्यांवर अवलंबून असतात. ज्यांनीं ती आज्ञावली कधीं पाहिलेली नाहीं अशा लोकांचें हित लिहिणाऱ्याच्या हातीं असतें. म्हणून हत्याराची धार आधीं पाहणें हें त्याचें कर्तव्यच होय.