दोन बॉक्स, एकच प्लग

घरात नीट गाणं ऐकावं म्हणून स्पीकर घ्यायला निघालेल्या माणसाला हल्ली एकच मंत्र ऐकवला जातो : ‘अ‍ॅक्टिव्ह’ घ्या, वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरची कटकट नको. प्रस्तुत लेखकालाही तो पुण्यातल्या एका दुकानात ऐकवण्यात आला. लेखकाने रीतसर विचारलं होतं, दोन्ही बॉक्सना आपापले अ‍ॅम्प आहेत ना? ‘‘हो काका, फुल अ‍ॅक्टिव्ह. पॅसिव्ह आता घेतं कोण?’’ हेच उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी आलं. ते जपून ठेवलेलं आहे.

घरी खोकं उघडलं तर प्लग एकच. फोन केल्यावर ‘‘एका प्लगवर दोन्ही चालतात, तुमचं बिलच वाचलं’’ असा वर खुलासा मिळाला.

वॉरंटी संपल्यानंतरच्या पावसाळ्यात लाइटचा खेळ सुरू झाला आणि उजवा बॉक्स बंद पडला. त्याच क्षणी डावाही. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलाने मागचं पॅनल काढलं. उजव्यात एकच बोर्ड : पॉवर सप्लाय, ब्लूटूथ, दोन्ही चॅनेलचे अ‍ॅम्प, सगळा संसार त्यावरच. डाव्यात एक कॉइल, एक कपॅसिटर आणि लाल-काळी वायर. म्हणजे डावा बॉक्स चक्क पॅसिव्ह होता! मुलाने बोर्ड उलटसुलट करून पाहिला. ‘‘हा येत नाही आता. एक्स्चेंजमध्ये नवीन सेट घ्या.’’ दुकानदारापुढे त्याचाच मेसेज धरला तर गृहस्थ म्हणतात, ‘‘इतके दिवस आवाज येत होता ना, काका?’’

खऱ्या अ‍ॅक्टिव्ह स्पीकरमध्ये सिग्नल आधी क्रॉसओव्हरमध्ये विभागला जातो आणि मग वूफरला एक, ट्विटरला एक असे वेगळे अ‍ॅम्प असतात. केईएफचा एलएस५० हा २०१२ मध्ये पॅसिव्ह म्हणून आला. २०१६च्या त्याच्या वायरलेस आवृत्तीत प्रत्येक बॉक्समध्ये वूफरसाठी २०० आणि ट्विटरसाठी ३० वॉटचा अ‍ॅम्प बसवला होता. पॉवर केबल अर्थातच दोन. एका बॉक्समध्ये अ‍ॅम्प आणि तिथून दुसऱ्याला साधी वायर, या प्रकाराला पॉवर्ड म्हणतात. तो वाईट नाही. खोटं सांगून विकणं वाईट.

तेव्हा दुकानात भाव विचारण्याआधी दोन्ही बॉक्स उलटे करून पाहा. पॉवर केबल एकालाच आणि दुसऱ्याला फक्त दोन तारा असतील, तर तो बहुधा पॉवर्ड. बोर्ड किती वर्षं मिळेल, हे लेखी मागा. बिल सांभाळा, घाई करू नका वगैरे सगळे सांगतातच.

पॅसिव्हमध्ये अ‍ॅम्प बिघडला तर अ‍ॅम्पच बदलायचा, स्पीकर तसेच राहतात. यामाहाचा एनएस-१० हा १९७८ साली घरगुती स्पीकर म्हणून आला आणि पुढे जगभरच्या स्टुडिओंत ठाण मांडून बसला. २००१ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं, तरी जुन्या जोड्या आजही वाजतात, कारण कोणताही चांगला अ‍ॅम्प त्यांना चालतो. पॅसिव्हची जोडी मात्र जमवावी लागते. ८८ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरला जेवढे वॉट लागतात, त्याच्या दुप्पट ८५ डेसिबलवाल्याला तेवढ्याच आवाजासाठी लागतात. अ‍ॅम्पवर किमान ६ ओहम लिहिलं असेल, तर ४ ओहमचा स्पीकर त्याला जोडू नये. ‘पीएमपीओ’चे हजारो वॉट छापलेल्या खोक्याकडे पाहूसुद्धा नका, आकडा आरएमएसचा, म्हणजे सलग मिळणाऱ्या पॉवरचा, विचारा.

टेबलावर, लॅपटॉपशेजारी ठेवायला अ‍ॅक्टिव्ह सोयीचे, पण दोन सॉकेट आणि धड अर्थिंग हवं. जुन्या इमारतीत ते नसेल तर हम्म असा आवाज पाठ सोडत नाही. बैठकीच्या खोलीत पॅसिव्हच, असं लेखकाचं ठाम मत आहे आणि ते रागातून आलेलं आहे असं कोणी म्हटलं तर म्हणो.

पॉवर्ड सेट मेला असेल तर भंगारात देऊ नका. क्रॉसओव्हर बोर्डावर नसून बॉक्समध्येच असेल, तर बोर्ड काढून मागे साधे टर्मिनल बसवता येतात; ती जोडी पॅसिव्ह होते. पुण्यातल्याच तपकीर गल्लीतल्या मेकॅनिकने लेखकाला तशी करून दिली. सर्व्हिस सेंटरने हे सुचवलंही नव्हतं. पॅनलच्या जागी प्लायवूड बसवताना फट राहिली तर खर्ज पातळ होतो. कडेने सिलिकॉन भरायला सांगा आणि ते वाळेपर्यंत बॉक्स हलवू देऊ नका.