तालीम

(मराठीत ‘तालीम’ म्हणजे सराव आणि उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. नाटक बसवण्याची कला विद्यापीठात शिकता येते का, तिथे काय शिकवतात आणि त्यासाठी काय तयारी लागते, हे या पाठात सांगितले आहे.)



‘तालीम’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ थोडा बदलला. पहिलवान जिथे सराव करतात ती जागा म्हणजे तालीम. नाटकाच्या प्रयोगापूर्वी नट जो सराव करतात तीही तालीमच. जुन्या संगीत नाटक मंडळ्यांत नटांना शिकवणाऱ्या माणसाला तालीममास्तर म्हणत. ‘संगीत शारदा’ हे नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल नावाजलेले तालीममास्तर होते. आज या कामाला आपण दिग्दर्शन म्हणतो.

मुंबईत प्रभादेवीला सयानी रोडवर रवींद्र नाट्य मंदिर आहे. रवींद्रनाथ ठाकुरांचे नाव या नाट्यगृहाला दिले आहे. त्याच आवारात पु. ल. देशपांडे महाराष्ट्र कला अकादमी आहे. तिथे नाटक पाहायला गेलात, तर तुम्हाला नट दिसतील, दिवे दिसतील, सजवलेला रंगमंच दिसेल. दिग्दर्शक मात्र दिसणार नाही. मग हा माणूस करतो तरी काय?

आपण एक छोटा प्रसंग घेऊ. रशीद परीक्षेत नापास झाला आहे. प्रगतिपुस्तक त्याच्या हातात आहे. अम्मी चपात्या लाटत आहे. इतक्यात अब्बा रात्रपाळी करून घरी येतात आणि विचारतात, “निकाल लागला?” रशीद म्हणतो, “हो.” लेखकाने एवढेच लिहिले आहे.

आता रशीदला कुठे उभे करायचे? तो दारातच उभा असेल, तर वाटते की त्याला खरे सांगून टाकायचे आहे. तो अम्मीच्या पाठीमागे असेल, तर वाटते की तो घाबरला आहे. “हो” ऐकताच अम्मीचे लाटणे थांबले, तर प्रेक्षक समजतात की तिला आधीच ठाऊक आहे. लाटणे थांबले नाही, तर तिला काहीच माहीत नाही. शब्द तोच, पण प्रत्येक वेळी प्रसंग निराळा होतो. यांतला कोणता प्रसंग खरा, हे संहिता पुन्हा पुन्हा वाचून ठरवणे आणि तो नटांकडून उभा करणे, हे दिग्दर्शकाचे काम आहे.

हे मला फार उशिरा कळले. शिक्षक झाल्यावर पहिल्याच वर्षी स्नेहसंमेलनात मी एक नाटक बसवले. मुलांचे पाठांतर चोख होते. पण प्रार्थनेला उभे राहावे तशी सगळी मुले एका रांगेत उभी राहिली. ज्याचे बोलणे महत्त्वाचे, त्याचीच पाठ प्रेक्षकांकडे! पंख्यांच्या आवाजात त्याचा एकही शब्द ऐकू आला नाही. तो मुलगा नंतर मला म्हणाला, “सर, मी तर सगळे बरोबर बोललो होतो.” चूक त्याची नव्हती. ती माझी होती. बी.एड.ला मी पाठ घ्यायला शिकलो होतो, नाटक बसवायला नाही.

ही विद्या शिकवणाऱ्या संस्था आपल्याकडे आहेत. पुणे विद्यापीठात १९८७ साली ललित कला केंद्र सुरू झाले. मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी २००३ साली सुरू झाली. दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. ते १९५९ साली स्थापन झाले.

अशा ठिकाणी विद्यार्थी भरताच्या नाट्यशास्त्रापासून शेक्सपिअर आणि ब्रेख्तपर्यंतची नाट्यपरंपरा अभ्यासतात. आवाज कसा लावावा, शरीर कसे हलवावे, प्रकाश कुठून टाकावा, वेशभूषा कशी ठरवावी, हेही ते शिकतात. नेपथ्य उभारताना हातात हातोडी घ्यावी लागते. ज्याला सुतारकामाचे कष्ट ठाऊक नाहीत, तो सुताराला काम कसे सांगणार?

तुमच्यापैकी काही जण म्हणतील, “सर, आमचे मराठी कच्चे आहे. आम्हांला ‘ळ’ नीट म्हणता येत नाही. आम्ही नाटक काय बसवणार?” त्यांनी इब्राहिम अल्काझी यांची हकिकत ऐकावी.

अल्काझींचा जन्म १९२५ साली पुण्यात झाला. वडील अरब व्यापारी होते. घरात अरबी भाषा, शाळेत इंग्रजी आणि अवतीभवती मराठी. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात शिकताना त्यांना नाटकाची गोडी लागली. मग लंडनला जाऊन त्यांनी नाट्यकलेचे रीतसर शिक्षण घेतले. परत आल्यावर त्यांनी मुंबईत नाटके बसवली आणि तरुणांना शिकवले. पुढे ‘रंगायन’ ही संस्था उभारणाऱ्या विजया मेहता त्यांच्याच हाताखाली शिकल्या.

१९६२ ते १९७७ अशी पंधरा वर्षे अल्काझी राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते. नसिरुद्दीन शाह, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी हे त्यांचे विद्यार्थी. दिल्लीच्या पुराना किल्ल्यात, उघड्या आकाशाखाली, त्यांनी गिरीश कार्नाड यांचे ‘तुघलक’ सादर केले. २०१० साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. २०२० साली त्यांचे निधन झाले. एका घरात, एका शहरात अनेक भाषा ऐकत वाढलेला मुलगा देशाचा नाट्यगुरू झाला. तुमच्याही कानांवर दोन-तीन भाषा रोज पडतात. ती तुमची उणीव नाही, ती तुमची कमाई आहे. राहिला ‘ळ’. तो सरावाने येतो. बाळ, फळ, शाळा हे शब्द रोज मोठ्याने म्हणा.

आता एक खरी गोष्ट सांगतो. ही पदवी घेतली म्हणजे नोकरी मिळतेच असे नाही. “यावर घर चालेल का?” असे अब्बांनी विचारले, तर रागावू नका. त्यांचा प्रश्न योग्य आहे. काही जण नाट्यशिक्षक होतात, काही जण मालिका-चित्रपटांत काम करतात, काहींना बरीच वर्षे थांबावे लागते. म्हणून आधी आपले शिक्षण नीट पूर्ण करा. कॉलेजात गेलात की एकांकिका स्पर्धांत भाग घ्या. नट म्हणून जमले नाही, तर पडदा ओढा, दिवे सांभाळा. तिथे बसूनही दिग्दर्शन शिकता येते.

पुढच्या वेळी नाटक पाहाल तेव्हा बोलणाऱ्या नटाबरोबर गप्प उभ्या असलेल्या नटाकडेही पाहा. तो तिथेच का उभा आहे, असे स्वतःला विचारा. उत्तर सापडले, की तुमची तालीम सुरू झाली असे समजा. मग ती मराठीतली म्हणा किंवा उर्दूतली!

शब्दार्थ
दिग्दर्शक – नाटक बसवणारा, हिदायतकार
संहिता – नाटकाचा लिखित मजकूर
नेपथ्य – रंगमंचावरील देखावा व मांडणी
रीतसर – नियमाप्रमाणे, बाकायदा
उणीव – कमतरता, कमी

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) जुन्या नाटक मंडळ्यांत तालीममास्तर कोणाला म्हणत?
(आ) अल्काझी किती वर्षे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक होते?
प्र. २. कारणे लिहा.
(अ) स्नेहसंमेलनातील नाटकात मुलाचे बोलणे ऐकू आले नाही.
(आ) अब्बांचा प्रश्न योग्य आहे, असे लेखक म्हणतात.
प्र. ३. मराठीत आणि उर्दूत निराळ्या अर्थाने वापरले जाणारे आणखी तीन शब्द शोधा व वाक्यांत उपयोग करा.
उपक्रम : रशीदचा प्रसंग वर्गात दोन निरनिराळ्या रीतींनी करून दाखवा.