गर्भनिरोधक गोळ्या : ताणाचा प्रतिसाद आणि स्मृती

भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तेव्हापासून गर्भनिरोधक साधनांची चर्चा प्रामुख्याने लोकसंख्येच्या अंगाने झाली. ती वापरणाऱ्या स्त्रीच्या शरीरात अन्य कोणते बदल घडतात, हा प्रश्न मागेच राहिला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार १५ ते ४९ वयोगटातील ५.१ टक्के विवाहित स्त्रिया गोळ्या वापरत होत्या. टक्केवारी लहान दिसली तरी भारतासारख्या देशात ही संख्या कोटीच्या घरात जाते.

ताणाचा प्रसंग उद्भवताच मेंदूतील अधश्चेतक पीयूषिका ग्रंथीला आणि पीयूषिका अधिवृक्क ग्रंथींना संदेश देते. परिणामी रक्तात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते. हा प्रतिसाद मोजण्याची प्रमाणित पद्धत जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठात विकसित झाली व १९९३ साली प्रसिद्ध झाली. नोकरीचा उमेदवार म्हणून परीक्षकांसमोर पाच मिनिटे बोलायचे आणि नंतर १०२२ मधून सतत १३ वजा करत जायचे. चूक झाली की पुन्हा १०२२ पासून प्रारंभ. मुलाखतीची तयारी करणाऱ्यांना या चाचणीची परिणामकारकता वेगळी सांगावयास नको.

क्लेमेन्स किर्शबाउम व सहकाऱ्यांनी १९९९ साली याच चाचणीद्वारे पुरुष, ऋतुचक्राच्या निरनिराळ्या टप्प्यांतील स्त्रिया आणि गोळी घेणाऱ्या स्त्रिया यांची तुलना केली. ऋतुचक्राच्या उत्तरार्धातील स्त्रियांच्या लाळेतील कॉर्टिसॉल पुरुषांइतकेच वाढले. गोळी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये मात्र ही वाढ कमी आढळली. रक्तातील एकूण कॉर्टिसॉलच्या बाबतीत असा फरक दिसला नाही.

या विसंगतीचा उलगडा महत्त्वाचा आहे. रक्तातील बहुतांश कॉर्टिसॉल प्रथिनांना बद्ध असते आणि केवळ अल्प मुक्त अंश पेशींवर कार्य करतो. लाळेत हाच मुक्त अंश मोजला जातो. गोळीतील इथिनिल इस्ट्रॅडिऑलमुळे यकृत बंधक प्रथिन अधिक प्रमाणात निर्माण करते, त्यामुळे मुक्त अंश मर्यादित राहतो. यावरून गोळी घेणाऱ्या स्त्रीला ताण कमी जाणवतो, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. संप्रेरकाची पातळी आणि मनाचा अनुभव नेहमी जुळतातच असे नाही.

कॉर्टिसॉल स्मृतीवरही प्रभाव टाकते. त्याच्या वाढीव पातळीमुळे पाठ केलेले ऐनवेळी आठवेनासे होते. परंतु कुलमान व वोल्फ यांच्या २००५ मधील प्रयोगात कॉर्टिसॉल दिल्यानंतरही गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या आठवण्याच्या क्षमतेत अशी घट दिसली नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी २०११ साली आई, मुलगा व मोटार अपघाताची चित्रकथा स्त्रियांना दाखवली. आठवड्यानंतर गोळी घेणाऱ्यांना कथेचा गाभा, तर न घेणाऱ्यांना बारकावे अधिक स्मरले. हा स्मरणाच्या स्वरूपातील भेद आहे, स्मरणशक्तीचा ऱ्हास नव्हे. वृत्तपत्रीय मथळ्यांत हा भेद सहज पुसला जातो.

हे निष्कर्ष भारतातील प्रत्येक साधनाला सरसकट लावता येत नाहीत. ‘माला-एन’ गोळीत लेव्होनॉरजेस्ट्रेल व इथिनिल इस्ट्रॅडिऑल असल्याने ते तिच्याशी निगडित ठरतात. तीन महिन्यांनी द्यावयाच्या ‘अंतरा’ इंजेक्शनमध्ये इस्ट्रोजेन नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेल्या सेंटक्रोमनची ‘छाया’ ही गोळी तर स्टिरॉइड वर्गातीलच नाही.