बोलक्या चित्रांसाठी संगणकाची तयारी



गेल्या महिन्यात एका रविवारी साडेआठच्या मिस्साबलीनंतर आम्ही सभागृहात ज्येष्ठांसाठी एक छोटा कार्यक्रम लावला होता. विषय होता आपल्या वसईतील बावखले. छायाचित्रे युवकांनी जमवली होती. रहाटाची जुनी जागा, काठावरची केळी, बुजवलेल्या बावखलांवर उभ्या राहिलेल्या इमारती, अशी सगळी मिळून चौदा मिनिटे. चित्रांमागचे निवेदन धर्मग्रामातील एका आजींचे होते. त्या आता आपल्यात नाहीत. आवाज तेवढा राहिला आहे.

पडद्यावर चित्रे सरकू लागली, पण आवाज आलाच नाही. आम्ही वायरी हलवत राहिलो आणि तोवर चार चित्रे निघून गेली. पुढच्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या. त्यांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. त्यांनी शेजारणीला विचारले, “अजून सुरू नाही झालं का गं?”

त्यांच्यासाठी खरोखरच सुरू झाले नव्हते. चित्रांची तयारी आम्ही महिनाभर केली होती आणि आवाजाची सकाळी दहा मिनिटे. म्हणून हा लेख. शाळा, महिला मंडळ, धर्मशिक्षणाचे वर्ग, पतपेढीची सभा, कोठेही अशी बोलकी सादरीकरणे लावणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

आधी त्या दिवशी काय बिघडले ते सांगतो. संगणकापासून प्रोजेक्टरपर्यंत जाणारी एचडीएमआय वायर चित्राबरोबर आवाजही वाहून नेते. ती जोडताच संगणक पुष्कळदा आपण होऊन ठरवतो की आता आवाज प्रोजेक्टरला द्यायचा. आपली दुसरी वायर इअरफोनच्या छिद्रातून अॅम्प्लिफायरला लावलेली असली, तरी तिच्यात काहीच येत नाही. आमचेही तसेच झाले. प्रोजेक्टरच्या पोटातला एवढासा स्पीकर छताजवळ पुटपुटत होता आणि खाली चार पंखे फिरत होते. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. विंडोजमध्ये पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात स्पीकरचे चिन्ह असते. तेथे आवाज कोठे पाठवायचा याची यादी उघडते. तीतून प्रोजेक्टरऐवजी संगणकाचा स्वतःचा स्पीकर किंवा इअरफोन निवडायचा. मात्र ही निवड एचडीएमआय जोडल्यानंतरच करावी. आधी केलेली निवड वायर जोडताच बदलू शकते.

ज्यांचे केस पांढरे झाले आहेत त्यांना फिल्मस्ट्रिप आठवत असेल. कॅसेटवर निवेदन चालू असे, मध्येच ‘टिंग’ असा आवाज येई आणि यंत्राजवळ बसलेला मुलगा पुढचे चित्र फिरवी. तो मुलगा पेंगला की सगळा घोळ. तरीही त्या पद्धतीत एक शहाणपण होते. आवाज पुढे चाले आणि चित्र त्याच्या मागून येई. पॉवरपॉइंट १९८७ साली आले, कोडॅकने स्लाइड प्रोजेक्टर बनवणे २००४ साली थांबवले आणि सगळे काम संगणकावर आले. तेव्हापासून आपण चित्रे सजवण्यातच रमतो आणि आवाज शेवटी चिकटवतो.

त्या चिकटवण्याची किंमत आम्ही एकदा मोजली आहे. २००७ साली गावातील तीन वृद्धांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून आम्ही एक सादरीकरण केले होते. सीडीवर पॉवरपॉइंटची फाइल तेवढी उतरवून घेतली आणि निर्धास्त झालो. तेव्हाच्या आवृत्त्यांत बाहेरून आणून जोडलेली मोठी ध्वनिफाइल सादरीकरणात साठत नसे. ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे, एवढा पत्ताच तेथे नोंदलेला असे. पुढे तो संगणक फॉरमॅट झाला. सीडी अजून कपाटात आहे. चित्रे दिसतात, स्पीकरचे चिन्हही दिसते, आवाज मात्र नाही. ते तिघेही आता राहिले नाहीत. दोष आमचाच, कारण ती सीडी दुसऱ्या संगणकावर लावून पाहण्याचे कष्ट आम्ही घेतले नव्हते. २०१० च्या आवृत्तीपासून आवाज सहसा फाइलमध्येच सामावला जातो. तरीही जुनी सीडी किंवा जुनी फाइल घरी असेल, तर तिच्यासोबतच्या ध्वनिफाइली आहेत का, हे आजच पाहून घ्या.

आता संगणकाविषयी. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. आठ जीबी रॅम आणि जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असेल, तर एखाद्या कार्यालयाने काढून टाकलेला लॅपटॉपही हे काम नीट करतो. विंडोज १० साठी मिळणारी सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे तसा संगणक असेल तर तो फक्त कार्यक्रमांसाठी ठेवावा, इंटरनेटला जोडू नये, आणि कोणाचाही पेनड्राइव्ह विषाणू तपासल्याशिवाय लावू नये. दानात संगणक मिळत असेल तर घेण्यापूर्वी एक गोष्ट आवर्जून पाहा: इअरफोनचे छिद्र शाबूत आहे का? पडद्यावरचा ओरखडा चालतो, पण ते छिद्र सैल असेल तर दर दोन मिनिटांनी खरखर होते.

ध्वनिमुद्रणाला स्टुडिओ लागत नाही. आजींचे बोलणे आम्ही मोबाइलवरच घेतले. त्यांच्या आतल्या खोलीत पंखा बंद केला, खिडकीवर गोधडी टाकली, फोन विमान-स्थितीत ठेवला आणि त्यांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, थोडा बाजूला धरला. अगदी समोर धरला की ‘प’ आणि ‘फ’ म्हणताना फुंकर बसते. त्यांना कागद दिला नाही. कागद हातात आला की माणूस बोलत नाही, वाचतो. एकेका छायाचित्रासाठी वेगळा तुकडा घ्यावा. एखादे नाव चुकले तर तेवढाच तुकडा पुन्हा घेता येतो. डब्ल्यूएव्ही प्रकारात एका मिनिटाला साधारण पाच एमबी जागा लागते, म्हणजे आजच्या मानाने काहीच नाही. ती मूळ नोंद तशीच जपावी आणि काटछाट दुसऱ्या प्रतीवर करावी. काटछाटीला ऑडॅसिटी नावाचे मोफत सॉफ्टवेअर पुरते.

थेट पॉवरपॉइंटमध्ये बोलून निवेदन भरणार असाल, तर एक खोच लक्षात ठेवा. एका स्लाइडवरून दुसरीवर जाण्याच्या क्षणी ध्वनिमुद्रण थांबलेले असते. वाक्य संपवा, श्वास घ्या, मग स्लाइड बदला, पुन्हा श्वास घ्या आणि मग बोला. नाहीतर प्रत्येक चित्राचा पहिला शब्द तुटलेला ऐकू येतो. निवेदनाखाली संगीत घालण्याचा मोह युवकांना फार होतो. आमचे मत विचाराल तर घालूच नये, किंवा सुरुवातीला आणि शेवटी घालावे. श्रवणयंत्र लावणाऱ्या माणसाला संगीत आणि शब्द वेगळे करता येत नाहीत.

सगळे जुळले की त्याची व्हिडिओ फाइल करून घ्यावी. पॉवरपॉइंटमध्ये ‘फाइल’, मग ‘एक्स्पोर्ट’, मग ‘क्रिएट अ व्हिडिओ’ असे गेले की एमपी४ फाइल तयार होते. चित्र, आवाज आणि वेळ सगळे एकाच गाठोड्यात बांधले जाते. दुसऱ्या संगणकावर आपला मराठी फॉन्ट नसला तरी अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे येत नाहीत, कारण अक्षरे आता चित्राचाच भाग झालेली असतात. व्हीएलसी प्लेअर मोफत मिळतो. तो आधीच टाकून ठेवा. पॉवरपॉइंटची मूळ फाइल मात्र फेकू नका, कारण दुरुस्ती तीतच करायची असते.

अॅम्प्लिफायरची वायर ही खरी अवघड जागा. पुष्कळजण इअरफोनसारखी स्टिरिओ पिन दोन्ही टोकांना असलेली एकच वायर आणतात आणि ती मिक्सरच्या माइकच्या छिद्रात खोचतात. मग कधीकधी असा विचित्र प्रकार होतो की पार्श्वसंगीत ऐकू येते, पण बोलणारा माणूस गायब! त्यामागे भुताटकी नाही. अशी काही छिद्रे डाव्या आवाजातून उजवा आवाज वजा करण्यासाठी बनवलेली असतात, म्हणजे लांब वायरीत शिरलेली खरखर निघून जाते. निवेदन डाव्या-उजव्या बाजूला सारखेच असते, म्हणून वजाबाकीत नेमके तेच नाहीसे होते. दुकानात एका टोकाला छोटी स्टिरिओ पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन जाड मोनो पिना असलेली वायर मागा. जाड पिनेला दुकानदार पी-३८ म्हणतात. त्या दोन पिना मिक्सरच्या लाइन इनपुटच्या दोन छिद्रांत लावा, माइकच्या नव्हे. ही वायर दोन घ्या, कारण एक हमखास कोणीतरी घरी नेतो.

लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून ‘हुम्म’ असा सूर येत असेल, तर क्षणभर चार्जर काढून पाहा. सूर थांबला तर चौदा मिनिटे बॅटरीवर चालवा. कायमचा उपाय म्हणजे ध्वनियंत्रणेवाल्यांकडे मिळणारा डीआय बॉक्स. काही उत्साही मंडळी प्लगची अर्थिंगची पिन मोडून टाकतात. तसे कृपा करून कधीही करू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

उरलेल्या गोष्टी किरकोळ आहेत, पण फजिती त्याच करतात. कार्यक्रमापूर्वी पॉवर सेटिंगमध्ये स्क्रीन बंद होण्याची आणि संगणक झोपी जाण्याची वेळ ‘नेव्हर’ करा. सूचना बंद ठेवा. शोकसभेत पडद्यावर कोणाच्या तरी खरेदीची जाहिरात उगवलेली आम्ही पाहिली आहे. अपडेट आदल्या दिवशीच उरकून घ्या. विंडोजचे बटण आणि ‘पी’ एकत्र दाबले की चित्र प्रोजेक्टरवर कसे दाखवायचे ते निवडता येते. तेथे ‘डुप्लिकेट’ निवडले की नवख्याचा गोंधळ होत नाही. संगणकाचा आवाज शंभरातील ऐंशीच्या आसपास ठेवून पुढचा कमी-जास्तपणा मिक्सरवर करावा.

आणि तपासणी रिकाम्या, शांत सभागृहात पुढे उभे राहून करू नये. सगळे पंखे लावा, शेवटच्या बाकावर बसा, डोळे मिटा आणि पहिली तीन मिनिटे ऐका. आजींच्या निवेदनात त्या रहाटाच्या बैलांचे वर्णन करता करता थांबतात आणि हलकेच हसतात. शेवटच्या बाकावर ते हसू ऐकू आले, तर आवाज बरोबर आहे असे आम्ही आता धरतो.

तोच कार्यक्रम येत्या रविवारी साडेआठच्या मिस्साबलीनंतर पुन्हा लावणार आहोत. ज्या युवक-युवतींना हे काम शिकायचे आहे, त्यांनी शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सभागृहात यावे. येताना आपला लॅपटॉप आणि चार्जर आणावा. गेल्या वेळी हरवलेली काळी वायर ज्यांच्या घरी आहे, त्यांनी तीही आणावी.