पतंगाच्या अंड्यावरील नक्षी

प्रास्ताविक

हरभऱ्याचे घाटे पोखरणारी अळी शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. ती ज्या अंड्यातून बाहेर पडते, ते अंडे मात्र क्वचितच कोणाच्या दृष्टीस पडते. त्या अंड्याच्या कवचाची रचना आणि तिच्या ज्ञानाचा उपयोग यांविषयीची माहिती प्रस्तुत पाठात दिली आहे.

मूळ पाठ

घाटे अळीला शास्त्रज्ञ ‘हेलिकोव्हर्पा’ म्हणतात. कापूस, तूर व टोमॅटो या पिकांचेही ती नुकसान करते. या पतंगाची मादी रात्री कोवळ्या पानाफुलांवर एकेक सुटे अंडे घालते. सुमारे ०.५ मि.मी. व्यासाचे हे पिवळसर पांढरे अंडे नुसत्या डोळ्यांना ठिपक्यासारखे भासते. भिंगातून पाहिल्यास त्यावर माथ्याकडून खाली उतरणारे उभे कंगोरे दिसतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कंगोऱ्यांना जोडणाऱ्या आडव्या रेषा आणि माथ्यावरील पाकळ्यांसारखी नक्षीही स्पष्ट होते.

ही नक्षी केवळ शोभेची नव्हे. पाकळ्यांच्या मध्यभागी असलेल्या सूक्ष्म छिद्रांवाटे शुक्राणू आत शिरतो. कवचावरील इतर रंध्रांतून वाढत्या जिवाला हवा मिळते. मादीच्या अंडाशयात अंड्याभोवतीच्या पेशी हे कवच थराथराने घडवतात. ओल्या मातीवर बोटांचे ठसे उमटावेत, तसे त्या पेशींचे ठसे कवचावर उमटतात.

अंडी घालण्याची रीतही जातीनुसार बदलते. भारतात २०१८ साली प्रथम कर्नाटकात आढळलेल्या अमेरिकन लष्करी अळीचा पतंग मक्यावर पुंजक्याने अंडी घालतो आणि त्यांवर बहुधा अंगावरील खवल्यांचे पांघरूण घालतो.

घाटे अळीचे अंडे साधारणतः ३ ते ४ दिवसांत उबते. अळी मोठी झाली की तिला आवरणे कठीण जाते. म्हणून हे थोडे दिवस मोलाचे असतात. ट्रायकोग्रामा नावाची चिमुकली गांधीलमाशी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. मग त्यातून अळीऐवजी गांधीलमाशीच बाहेर पडते. असे अंडे पूर्ण काळे पडते. ते ओळखणारा शेतकरी फवारणीची घाई करत नाही. कारण त्या विषाने त्याचा हा मित्रकीटकही मरतो. हातातील साधे भिंग अशा रीतीने पीक व पैसा दोन्ही वाचवू शकते.

शब्दार्थ

कंगोरा – उंचावलेली कड
रंध्र – बारीक छिद्र

पाठगत प्रश्न

१. कवचावरील रंध्रांचे कार्य कोणते?
२. काळे पडलेले अंडे दिसल्यास फवारणीची घाई का करू नये?